तळ्याकडचा बुटका गोल

निताईपद सांतराने जावयासाठी गोल बुटका केला, अशी त्या वर्षी शिउलीतला गावात कुजबुज होती.

कुजबुज आपली म्हणायला. हाबुलच्या चहाच्या दुकानात ती चांगली घसा खाकरून सांगितली जायची. जावई म्हणजे पल्टू कोले, शिउलीतला स्पोर्टिंगचा गोलकीपर. उंची पाच फूट चार इंच, तीही सकाळची. संध्याकाळपर्यंत तो आणखी खचतो, असं हाबुल म्हणे. तर अशा या पल्टूने त्या मोसमात नऊ सामन्यांत फक्त दोन गोल खाल्ले. गावाला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही, पण चार-पाच दिवसच. मग लोक विचार करू लागले, आणि शिउलीतल्यातले लोक विचार करू लागले की कुणाचं तरी काही खरं नसतं.

"चार बोटं," हाबुल साखर ढवळत सांगायचा. "तळ्याकडच्या गोलाचा आडवा बार मोजून चार बोटं खाली आहे. सासऱ्याने हुंडाच दिलाय तो."

"पण हाबुलदा, हाफ टाइमला बाजू बदलतात की. मग समोरच्या गोलकीपरलाही तोच बुटका गोल मिळतो," एखादं गिऱ्हाईक म्हणायचं.

"तू चहा पी," हाबुल म्हणायचा.

क्लबाची सुरुवातच मुळी या तळ्यापासून झाली होती. तळं पालितांचं. दर वर्षी गळ टाकून मासे धरायची स्पर्धा व्हायची आणि दर वर्षी तिचा शेवट डोकी फुटण्यात व्हायचा. थोरल्या पालितबाबूंची लाकडाची वखार होती. एकतीस साली ते वैतागले, तळ्याकाठची दलदल भरून घेतली, वखारीतलं साल वृक्षाचं लाकूड आणून दोन टोकांना दोन गोल रोवले आणि म्हणाले, आता काय भांडायचं ते इथे भांडा. भांडणं कमी झाली नाहीत, पण मासे वाचले.

तेव्हापासून गोलाचं लाकूड पालितांचं, हा मान ठरून गेला. दर चैत्राच्या शेवटी जुने खांब निघत. पोयला बैशाखाच्या आदल्या दिवशी पालितांच्या वखारीतून पांढरे शुभ्र रंगवलेले खांब आणि बार बैलगाडीतून मैदानावर येत, बायका शंख फुंकत. वर्षाच्या पहिल्या सकाळी बारपूजा. बार गवतावर आडवा ठेवायचा, भटजीने त्याला शेंदूर लावायचा, झेंडूची माळ घालायची, खेळाडूंनी एकेक करून हात लावायचा. ज्याने हात लावला तो वर्षभर क्लबाचा. मग त्याला दुसऱ्या क्लबाने इलिश मासा खाऊ घालून पळवायचं नाही. ते झालं की पालितबाबूंच्या गळ्यात हार, सगळ्यांच्या हातात लुची आणि संदेश मिठाई, आणि शेवटी आठ जणांनी बार उचलून खांबांवर चढवायचा. बार बसला की त्यात तीन ठोक्यांत लाकडाची खुंटी ठोकायची. ती खुंटी ठोकायचा मान निताईपदचा.

निताईपद नावा बांधणारा सुतार. अंगाने काटकुळा, बोलायला त्याहून काटकुळा. बावीस वर्षं तो खुंटी ठोकत होता. कसलं पद नाही, कमिटीत नाव नाही, फोटोत कुठे असलाच तर कडेला अर्धा. पण त्या सकाळी धुतलेलं धोतर नेसून, हातोडी नव्या गमछात गुंडाळून तो निघाला की त्याची बायको बीणापाणि शेजारणींना म्हणायची, "चालले बघा, जमीनदार." ती चिडवायची खरी, पण आदल्या दिवशी धोतराला खळ तीच घालायची. त्या माणसाला आयुष्यात गावाने दिलेलं असं काही होतं, तर ते म्हणजे ते तीन ठोके.

तर त्या मोसमाचा शेवटचा सामना नतूनपाड्याशी. जिंकेल तो वरच्या डिव्हिजनला जाणार. शिउलीतल्याने सुरुवातीलाच एक गोल केला. सामना संपायला पाच मिनिटं असताना नतूनपाड्याच्या सेंटर फॉरवर्डने तळ्याकडच्या गोलावर असं डोकं मारलं की पल्टू जागच्या जागी पुतळा झाला. चेंडू बारच्या खालच्या कडेला लागून बाहेर आला. एक-शून्य. हाबुलने फुकट चहा वाटला, म्हणजे आधी तसं जाहीर केलं.

नतूनपाड्याचा सेक्रेटरी मात्र घरी गेला नाही. काठीला खडूने खुणा करत तो गोलाखाली उभा राहिला. दुसऱ्या दिवशी लीगची तीन माणसं फीत घेऊन आली. देवळाकडचा गोल बरोबर आठ फूट. तळ्याकडचा अडीच इंच कमी.

सामना परत खेळवला. शिउलीतला दोन-शून्य हरला आणि आहे तिथेच राहिला.

चार बोटांचे अडीच इंच झाले याचं हाबुलला जरा वाईट वाटलं, पण गोष्ट खरी निघाली यापुढे ते काहीच नव्हतं. पल्टूला रस्त्याने चालणं मुश्कील झालं. बाजारात मासेवाली म्हणे, "या जावईबापू, वाटा खाली ठेवू का, हात पुरेल ना?" तिसऱ्या दिवशी तो तडक मैदानावर गेला, देवळाकडच्या, पुऱ्या आठ फुटी गोलाखाली उभा राहिला आणि पन्नास माणसांसमोर उडी मारून त्याने बारला पंजा लावला. एकदा नाही, अकरा वेळा. लोकांनी नीट पाहिलं.

"उडतो चांगला," हाबुल म्हणाला. "पण म्हणून सासऱ्याने कापला नाही असं कुठे होतं?"

रविवारी सकाळी क्लबाच्या खोलीत बैठक बसली. सेक्रेटरी अनादि घोषाल, नवा माणूस, शाळामास्तर, प्रत्येक गोष्ट फळ्यावर लिहिल्यासारखी बोलणारा. कोपऱ्यातल्या हाताच्या खुर्चीत द्विजेन पालितबाबू, थोरल्यांचे चिरंजीव, आता स्वतःच सत्तरीचे. दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर. निताईपद दाराशी उभा. त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"निताईदा, सरळ विचारतो," घोषाल म्हणाला. "खांब कुणी रोवले?"

"मी."

"कापले कुणी?"

"मीच. करवत आणखी कुणाकडे आहे?"

"का कापले?"

निताईपद दाराच्या चौकटीचा सांधा अंगठ्याने चाचपू लागला.

"हे बघा, तुम्हाला कुणी फासावर देत नाहीये. काही कारण असेल तर सांगा. जमीन खचली, मोजताना चूक झाली, काहीही. आपण लीगला तसं लिहू. पण जावयासाठी केलं असं लोक म्हणतात आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात, तर मी काय लिहू?"

निताईपदने एकदा कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. पालितबाबू छत्रीची मूठ न्याहाळत होते, जणू ती आजच कुणीतरी बदलून ठेवली होती.

"हात माझा होता," निताईपद म्हणाला. "पल्टूला काही माहीत नाही. एवढं लिहा."

"मग येत्या बैशाखात खुंटी दुसरा कुणी ठोकेल."

"बरं."

एवढंच झालं. आरडाओरडा होईल म्हणून खिडकीला लटकलेल्या लोकांची फार निराशा झाली.

घरी बीणापाणि चुलीपाशी कोहळा चिरत होती. बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"अहो, तोंड उघडलं असतं तर माशी गेली असती का आत?"

"उघडलं ना. बरं म्हणालो."

"बावीस वर्षं तुमच्या धोतराला खळ घातली मी. त्या खळीसाठी तरी काही सांगायचं होतं."

"पालितबाबूंचं वय झालंय."

"आणि तुम्ही काय काल जन्मलात?" ती म्हणाली, आणि कोहळ्याची फोड जरा जास्तच जोरात कापली गेली.

संध्याकाळी पल्टू आला. जेवायला वाढलेलं ताट पुढे घेऊन बसला, हात लावेना. "बाबा, मला नतूनपाड्याने बोलावलंय. तिथे निदान कुणी हसणार तरी नाही. तुम्ही नुसतं एकदा म्हणा की माझ्यासाठी नाही केलं."

"तुझ्यासाठी नाही केलं."

"मला नव्हे, लोकांना सांगा."

"लोक विचारतील मग कशासाठी," निताईपद म्हणाला. "डाळ निवतेय."

आठवड्याने, भर दुपारी, द्विजेन पालितबाबू स्वतः त्याच्या अंगणात आले. पालितांपैकी कुणी सांतरांच्या अंगणात यायची ही पहिलीच वेळ. समोरच्या घरातली खिडकी लगेच किलकिली झाली. बीणापाणिने बसायला वेताचा मोढा टाकला, वाडग्यात मुडी म्हणजे कुरमुरे, कांदा आणि मोहरीचं तेल कालवून दिलं आणि आत जाऊन भांडी वाजवू लागली, जरुरीपेक्षा पुष्कळ जास्त.

पालितबाबूंनी बराच वेळ मुडी खाल्ली. नदीला इलिश अजून आला नाही, म्हणाले. निताईपदनेही नाही म्हटलं. मग ते म्हणाले, "निताई, मी घोषालशी बोलू का?"

भांडी थांबली.

"काय बोलणार, कर्ताबाबू?"

"ते तूच सांग."

निताईपदने जरा विचार केला. "तुमच्या बाबांनी मला पहिली करवत दिली," तो म्हणाला. "नाव बांधायला शिकलो तो त्यांच्या लाकडावर. आता वर्षातनं एक सकाळ तुम्ही हार घालून बसता. राहू द्या."

"आणि तुझी सकाळ?"

"माझं काय, तीन ठोके. मी नावेवर ठोकीन."

पालितबाबू उठले. छत्री विसरून निघाले. बीणापाणिने ती दारापर्यंत नेऊन दिली आणि एक शब्द बोलली नाही. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

पोयला बैशाख आला. घोषालने या वेळी लोखंडी नळाचे गोल आणवले होते. लाकूड नको, लीगला लेखी दिलंय, म्हणाला. त्यामुळे बैलगाडी आली नाही, शंखही वाजले नाहीत. भटजीने नळाला शेंदूर लावला. तो घसरून खाली आला, परत लावला. हार मात्र पालितबाबूंनाच घातला, कारण क्लबाचं मूळ त्यांचं. त्यांनी तो घेतला, मान खाली घालून. नळ बसवायला खुंटी लागतच नव्हती, घोषालच्या मेव्हण्याने पान्याने दोन बोल्ट आवळले.

निताईपद मागच्या रांगेत उभा होता, साध्या धोतरात, हात मोकळे. पल्टू त्याच्या शेजारी. खेळाडूंना हात लावायला बोलावलं तेव्हा पल्टू हलला नाही.

"जा," निताईपद म्हणाला.

"कशाला? नतूनपाड्याची पूजा अजून चालू असेल. सायकलने पोचतो."

"त्यांचा बार मोजलायस का?"

पल्टू हसला नाही, पण गेला. नळाला हात लावला आणि परत येऊन सासऱ्याच्या शेजारी उभा राहिला. मग दोघांनी लुची खाल्ली. हाबुलने निताईपदच्या पानावर एक संदेश जास्त ठेवला आणि लगेच सगळ्यांना सांगितलं की आपण ठेवला.

द्विजेनबाबू पुढच्या थंडीत गेले. निताईपदने खांदा दिला. अफवा पुढेही चालू राहिली. पल्टूचं गोलकीपिंग सुटलं तरी त्याला बुटका गोल म्हणत. बीणापाणिने ती अफवा पुढे कधीतरी, नवराही गेल्यावर, घाटावर मोडून काढली, आणि कुणी फारसं ऐकलं नाही.

गोल खरंच अडीच इंच बुटका होता. पालितांची वखार नऊ वर्षं रिकामी होती आणि त्या नऊ वर्षांत क्लबाला नवीन खांब एकदाही मिळाले नव्हते. दर चैत्रात निताईपद गुपचूप तेच जुने खांब वखारीत नेऊन तळ्याच्या पाण्याने कुजलेली बुडं कापायचा, वरून पांढरा रंग द्यायचा आणि गाडीत घालून परत आणायचा. तळ्याकडचे खांब जास्त कुजायचे, म्हणून ते जास्त कापले गेले; देवळाकडच्यांसारखं रोवून वर आठ फूट भरायला त्यांच्यात लाकूडच उरलं नाही.