वाकून बसणारी

कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत. शाळेचे गणवेश शिवायचं काम, बावीस वर्षं एकाच मशीनवर. मान वर न करता शिवते म्हणून मुकादम इतरांना तिचं उदाहरण द्यायचा. पुढे वाकलं की तिच्या पोटातली कळ जरा निवायची, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

दुखणं पाठीपर्यंत गेलं, कपडे अंगावर लोंबायला लागले, तेव्हा नवऱ्याने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. नणंदही सोबत होती. स्वादुपिंडाला जुनी सूज होती आणि त्याच्या नळीत खडे. सगळ्यांनाच विचारतात तसं डॉक्टरांनी तिलाही विचारलं, दारू किती घेता. तिने आयुष्यात थेंब चाखला नव्हता. डॉक्टरांनी तसं लिहूनही घेतलं. नणंदेच्या कानात मात्र नुसता प्रश्न राहिला, आणि आठवड्याभरात नातलगांत, ताई पिते, अशी त्याची बातमी झाली.

तोंडावाटे दुर्बीण घालून डॉक्टरांनी हाती लागले तेवढे खडे काढले, वाट मोकळी राहावी म्हणून आत प्लास्टिकची बारीक नळी ठेवली. तीन महिन्यांनी ती बदलायची, असं बजावलं.

पण शाळा उघडायचे दिवस आले, आणि कापडाचे गठ्ठे छताला लागले. दुखत तर नाही, मग कशाला सुट्टी घ्या, असं तिने आणि नवऱ्याने ठरवलं. सहाव्या महिन्यात ती हुडहुडी भरून मशीनवरच कोसळली. नळी तुंबून आत पू झाला होता.

डॉक्टर रागावले नाहीत, त्यानेच नवरा जास्त घाबरला. ती वाचली. पुढच्या दोन वर्षांत नळी पाच वेळा बदलली, खडे संपले. तोवर स्वादुपिंडातही फारसं काही उरलं नव्हतं. साखर वाढली, रोजची इंजेक्शनं मागे लागली. साखर एकदम उतरली की हात कापायचे, शिवण वाकडी जायची. कारखाना सुटला.

नणंद भेटायला आली तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "वन्सं, डॉक्टरांना मी काय उत्तर दिलं, तेही सांगायचं होतंत."

"झालं गेलं सोड ना आता."

"मी सोडते. लोक सोडतात का?"

नणंद चहा न घेताच उठली.

यंदा ताईच्या लेकीचं पोट दुखायला लागलं. तिने चार दिवस लपवलं. पाचव्या दिवशी आईने तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिच्याही स्वादुपिंडाला सूज निघाली. खडे अजून नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. 'अजून' हा शब्द दोघींनीही ऐकला.