खेचराशी बोलणारा संत

"दोन्हींत फरकच नसेल, तर दोन्ही छापायची कशाला?" रिव्ह्यूअरचा रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवत लिंडा म्हणाली.

लिंडा माझी बॉस. अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या एका युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये मी एडिटर आहे. प्रेस म्हणजे छापखाना नव्हे, विद्वानांची पुस्तकं काढणारी प्रकाशनसंस्था.

पुस्तक सुजाताचं होतं. नागपूरची मुलगी, इथे पीएच.डी. करून आता ओहायोत शिकवते. विषय मध्ययुगीन ग्रीक संतचरित्रं. हे खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं, हे विचारायचं मी केव्हाच सोडून दिलंय. जुनी चरित्रं साध्या, गावरान ग्रीकमध्ये असत. पुढे दरबारातल्या पंडितांना ती भाषा खटकायला लागली, म्हणून त्यांनी तीच चरित्रं भारदस्त भाषेत नव्याने लिहून काढली. सुजाताने एकाच संताचं जुनं आणि नवं चरित्र इंग्रजीत आणलं होतं, समोरासमोर छापण्यासाठी.

रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी पुस्तक वाचून मत देणारा तज्ज्ञ, म्हणत होता, जुनं वगळा. म्हणजे अर्धं पुस्तक गेलं. पुस्तक नाही तर टेन्युअर नाही, म्हणजे नोकरी कायम होणार नाही. मग ओहायोतून गाशा गुंडाळायचा.

मी दोन्ही अनुवाद शेजारी ठेवून वाचले. रिव्ह्यूअरचं काही चुकलं नव्हतं. हा संत आधी खेचरं हाकायचा. चिखलात बसलेल्या खेचराला तो दोन्हीकडे एकाच थाटात म्हणत होता, "अराइज, फॉर आय टू ॲम वेअरी."

मी सुजाताला फोन लावला.

"जुन्या ग्रीकमध्ये हा माणूस नेमकं काय म्हणतो गं?"

"ऊठ ना बाई, मी पण थकलोय. बस, एवढंच."

"मग तसं का नाही लिहिलंस?"

"फर्स्ट ड्राफ्टमध्ये तसंच होतं, काका. मग भीती वाटली. इथल्या कुणी असं लिहिलं तर म्हणतात, काय बोल्ड ट्रान्सलेशन आहे. मी लिहिलं तर म्हणतील, हिचं इंग्लिशच कच्चं आहे. म्हणून सगळं पॉलिश केलं."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं झाली, तरी मीही साधी ईमेल पुन्हापुन्हा वाचून मगच पाठवतो.

"तुझ्या त्या दरबारी पंडिताने हेच केलं," मी म्हणालो. "त्याला निदान त्याचा पगार होता. जुन्याचा पहिला ड्राफ्ट पाठव."

तिने पाठवला. लिंडाने चार पानं वाचली. "हे असंच छापायचं?"

"ग्रीक असंच आहे."

रिव्ह्यूअरचा दुसरा रिपोर्ट आला: आता दोन्ही हवीत. मग पुस्तक कॉपीएडिटरकडे, म्हणजे भाषा तपासणाऱ्या बाईंकडे गेलं. त्यांनी जुनं चरित्र मन लावून सुधारलं. खेचर पुन्हा 'अराइज'वर आलं.

मी स्वतः काही न बदलता फाइल सुजाताकडे पाठवली. परत आली तेव्हा प्रत्येक दुरुस्तीपुढे तिने 'स्टेट' (stet) लिहिलं होतं. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ, आहे तसं राहू द्या. खेचरापाशी एक वाक्य जास्तीचं होतं: "धिस इज हाउ ही टॉक्स."

सुजाताला टेन्युअर मिळालं. कॉपीएडिटरबाई अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. सुधारणारी माणसं हजार वर्षांपूर्वीही पगारावर मिळत होती, आजही मिळतात. 'राहू द्या' मात्र ज्याचं त्यालाच म्हणावं लागतं.