दोघींत मिळून एक पदवी

मी अर्धी पदवीधर होते, आणि उरलेली अर्धी माझी थोरली जाऊ होती.

कापसानं दगा द्यायचं ठरवलंच होतं, अशी ती सालं होती. बोंडअळीतून वाचलेलं पावसात भिजायचं आणि पावसातून वाचलेल्याला भाव नसायचा. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, तेव्हा एकच ध्यास घेतला : "घरात एक तरी ग्रॅज्युएट झाला पाह्यजे!" त्यांची स्वतःची शाळा मॅट्रिकच्या आधीच सुटली होती. दोन्ही मुलांनी दहावीलाच शाळेला हात जोडले होते (शाळेनंही त्यांना!). मग त्यांची नजर बारावी पास सुनांकडे वळली.

घाटंजीच्या कॉलेजात दर रविवारी मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र भरायचं. चौकशीला मी गेले, कारण घरात हुशार मी! तिथल्या सरांनी नीट समजावलं. झेपतील तितके विषय घ्या, उरलेले पुढच्या वर्षी. प्रत्येक विषयाचे श्रेयांक असतात. पास झालात की ते जमा होतात, मध्ये खंड पडला तरी पुसले जात नाहीत. पुरेसे जमले की पदवी.

"म्हंजे वाया जात नाही?" मामाजींनी विचारलं.

"नाही जात, मामाजी."

"मंग हे कापसाहून बरं हाय व!"

अडचण एकच. दोघी सुना रविवारी घाटंजीला गेल्या तर वेचणीला कोण जाणार नि भाकरी कोण टाकणार? तेव्हा मला युक्ती सुचली. आमच्याकडे कापूस दोन भावांच्या शेतातला असला तरी विकायला गाडी एकाच नावानं लागायची. मग श्रेयांकांचं काय वेगळं? दोघींनी प्रवेश घ्यायचा, विषय वाटून घ्यायचे, आळीपाळीनं जायचं, आणि शेवटी सगळं एकीच्या नावावर चढवायचं! (सरांना विचारावं असं मनातही आलं नाही. हुशार माणसं विचारत नसतात.)

"सुनंदे, इतिहास मले दे," जाऊबाई म्हणाल्या. "अर्थशास्त्र तू घे."

"दोघींनी दोन्ही घेतले तं?"

चुलीपाशून सासूबाई कडाडल्या, "एका घरात दोन पाटे कायले पाह्यजे?"

झालं, ठरलं! जाऊबाई कापूस वेचता वेचता सनावळ्या घोकायच्या. त्यांच्या शेजारच्या ओळीतल्या रुखमाबाईला पानिपत इतकं पाठ झालं, की कापसाचा भाव पडला तरी ती अब्दालीलाच शिव्या घालायची.

अशात मामाजींच्या छातीनं दगा दिला. यवतमाळच्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. डॉक्टर त्यांचे दिवस मोजत होते आणि मामाजी आमचे विषय.

"किती राह्यले व पोरींनो?"

"थोडेच, मामाजी."

शेवटचा निकाल लागला. मी दोघींच्या श्रेयांकांची बेरीज केली आणि ओरडलेच, "झाली पदवी!" पेढे आले, शाल आली, नारळ आला. सत्काराला खुद्द सरांना बोलावलं. मी दोन्ही गुणपत्रिका त्यांच्यापुढे ठेवल्या नि म्हटलं, "सर, आता हे एकीच्या नावावर करून द्या."

सरांचा पेढा हातातच राहिला. "हे... दोघींचे जोडले?"

"हो!"

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "एकीचे श्रेयांक दुसरीला लागत नाहीत. तुम्ही दोघीही निम्म्यावरच आहात."

मी शाल धरून तशीच उभी राहिले. ती कोणाला घालायची होती तेही आठवेना. तेवढ्यात आतल्या बाजेवरून मामाजींचा आवाज आला, "सर! झाला ना आमच्या घरात ग्रॅज्युएट?"

सरांनी शालीकडे पाहिलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि आत गेले. "झाला, काका. घरात एक झाला."

"कोन?"

मी जाऊबाईंकडे बोट केलं. त्याच क्षणी जाऊबाईंनी माझ्याकडे!

मामाजी खोकला येईपर्यंत हसले. "पाह्यलं सर? कापूस वाटतानी भाऊ भांडते, अन् ह्या पाहा!" मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या दिवशी त्यांनी अख्खा पेढा खाल्ला. पेरणीच्या आत ते गेले. आम्ही त्यांच्याशी खोटं बोललो की खरं, ते मला अजून कळलेलं नाही.

सुतक फिटलं तसं जाऊबाईंनी इतिहासाची पुस्तकं माझ्यापुढे आणून टाकली. "घे. आता पानिपत तुयं." मी त्यांना माझं अर्थशास्त्र दिलं. पुस्तकाच्या पानांत अजून कापसाचे तंतू अडकलेले होते. सासूबाईही या वेळी पाट्याबद्दल काही बोलल्या नाहीत. रडतखडत, एकमेकींना शिकवत, आम्ही दोघीही पास झालो.

त्या सगळ्या सालांत आमच्या घरात अंदाजापेक्षा जास्त पीक आलं ते एवढंच. मामाजींनी एक ग्रॅज्युएट सांगितला होता, दोन झाले. आणि पाहायला तेच नव्हते.

मी त्यांच्या फोटोपुढे पेढा ठेवला. "मामाजी, झाला ग्रॅज्युएट," म्हटलं, नि त्या दिवसासारखंच जाऊबाईंकडे बोट केलं. त्यांनी माझ्याकडे. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून खूप रडलो.

डोळे पुसता पुसता जाऊबाईंचं लक्ष फोटोकडे गेलं. "सुनंदे, ग्रॅज्युएट दोन झाले न व? मंग पेढा एकच काहून ठेवला?"

अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेय मी, पण बेरीज अजून तशीच आहे.