ताईचं इंजिन

ऑफिसात तिला सगळेच ताई म्हणायचे. सख्खा भाऊ मात्र एकच, समोरच्या टेबलावर बसणारा. शहरातली कोणती रुग्णवाहिका कुठे धाडायची हे ठरवणारा प्रोग्रॅम ताईने तरुणपणी एका जुन्या संगणकभाषेत लिहिला होता. त्या भाषेतल्या आज्ञा संगणकाकडून करवून घेणारं इंजिनही तिच्याच हातचं. त्याला कुणी नावं ठेवली की तिचा पारा चढायचा.

भावाने प्रस्ताव मांडला. भाषा तीच ठेवू, पण इंजिन काढून ती नव्या प्लॅटफॉर्मवर चालवू. तेव्हापासून दोघांत अबोला.

बैठकीत भडका उडालाच.

"तुझं ते नवं मधेच थांबून मेमरीतला कचरा झाडत बसतं," ताई म्हणाली. "इकडे कुणाचा जीव जातोय आणि हे घर आवरतंय!"

"पापणी लवायच्या आत आवरून होतं त्याचं."

"नाही झालं तर?"

"आणि उद्या तू अंथरूण धरलंस तर?" भाऊ ताडकन उभा राहिला. "तुझं इंजिन तुझ्याशिवाय एकालाही कळत नाही, ताई. तुझ्यामागे कोण?"

ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ती उठली आणि तडक बाहेर गेली.

साहेबांनी चाचणी ठरवली. नियंत्रण कक्षात दोन पडदे शेजारी-शेजारी मांडले. खरं काम जुन्यावर, नव्यावर फक्त त्याची नक्कल. दुपारी पुलावर बस उलटली आणि फोनांची रीघ लागली. जुन्या पडद्यावर गाड्या भराभर सुटत होत्या. नवा पडदा मात्र गोठला. ऑपरेटर बाई पलीकडच्या माणसाला धीर देत होत्या, आणि तो पडदा हलायला तयार नाही. अखेर हलला, पण तोवर भावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"म्हणजे ताईंचंच खरं," साहेब म्हणाले. "विषय संपवू या?"

ताईने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. तिने खुर्ची ओढली.

"सरक तिकडे. कुठे अडतंय ते दाखव."

"तू कशाला?" भावाचा आवाज अजून कडूच होता.

"माझ्यामागे कोण, असं तूच विचारलंस ना? मला उत्तर सापडलेलं नाही."

दोघांनी भांडतभांडतच दोष शोधला. प्रोग्रॅम दर फोनला अख्ख्या शहराचा नकाशा नव्याने उभा करून फेकून देत होता. तो कचरा काढताना नवा प्लॅटफॉर्म अडकायचा. ताईने तो भाग स्वतः पुन्हा लिहिला. पुढच्या बैठकीत तिने नव्या प्लॅटफॉर्मच्या बाजूने हात वर केला, पण अट घातली: फोनचा भाग नव्यावर सगळ्यात शेवटी हलवायचा, आणि तोवर भावाने तिचं इंजिन शिकायचं. शिकवताना ती त्याला सगळ्यांदेखत झापायची. तो दात-ओठ खात ऐकून घ्यायचा.

जुनं इंजिन बंद करायची वेळ आली तेव्हा भावाचा हात कीबोर्डवर थबकला. मग ताईनेच आज्ञा टाइप केली आणि तोंड धुवायला निघून गेली. परतली तेव्हा डोळे लाल होते.

"बघताय काय सगळे?" ती खेकसली. "नवं नीट चालतंय का ते बघा आधी."

चालत होतं.