भर उन्हात बंद पडलेलं सोलर

मे महिन्यातल्या एका दुपारी, सव्वादोनला, डिलाईल रोडवरच्या आमच्या इमारतीची लाईट गेली... आणि मला चक्क आनंद झाला.

कारण सांगतो. गच्चीवर सोलर बसून तीनच महिने झाले होते, आणि ते बसावं म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये सर्वांत जास्त घसा मी कोरडा केला होता. कोळसा बाहेरून, गॅस बाहेरून, कुठे लढाई पेटली की आपण अंधारात... पण आपल्या गच्चीवरचा सूर्य कुठल्या बंदरात अडकत नाही, असं भाषण ठोकलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

मी वायरमन. कॉलेज नाही, आयटीआय नाही. लोकांचे जळलेले पंखे नि मिक्सर खोलून शिकलो. स्वतःचा जॉइंट मी दोनदा तपासतो, दुसऱ्याचा तीनदा.

तिसऱ्या मजल्यावर तात्या राहतात. बत्तीस वर्षं गिरणीत कापसाची धूळ खाल्ली, आता नाकात नळी आणि पलंगाशेजारी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन; लाईट गेली तर म्हणून खाली एक बॅटरी. सोलर आलं तेव्हा सगळ्यांनी एकमताने ठरवलं, तात्यांच्या मशीनची लाईन सोसायटीच्या सोलरवर घ्यायची. पॉइंट मी काढला.

त्यांच्या सूनबाई मंगलवहिनी म्हणाल्या, "भाऊ, मग आता ही बॅटरी कशाला? खोलीत पाय ठेवायला जागा नाही." मला पटलं. बॅटरी आणि तिचा इन्व्हर्टर मीच सोडवला आणि मागच्या गल्लीतल्या अभ्यासिकेला देऊन टाकला.

तर त्या दुपारी लाईट गेली आणि मी ऐटीत जिन्यात उभा... आता बघा म्हणावं, आपलं कसं चालू राहतं. तेवढ्यात वरून वहिनींची हाक आली, "भाऊ, मशीन बंद पडलं!"

इथे चूक केली. तात्यांकडे न जाता मी गच्चीवर धावलो. पॅनलवर डोळे दिपतील असं ऊन, आणि सोलरच्या डब्यावर लाल दिवा. फ्यूज बघितला, एकेक जॉइंट बघितला, बंद करून चालू केलं. सगळं चोख. त्यात दहा मिनिटं गेली.

खालून ओरडा आला, "चौऱ्याऐंशीवर आलं!" तात्यांच्या बोटाला लावलेल्या मीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा होता तो.

मग एकदाचा फोन लावला, ज्या इंजिनिअर मुलीने सोलर बसवलं होतं तिला. ती म्हणाली, "काका, ते बिघडलेलं नाही. बाहेरची लाईट गेली की ते बंदच व्हायला हवं. नाहीतर आपली वीज उलटी रस्त्यावरच्या केबलमध्ये जाईल आणि तिथे काम करणारा माणूस मरेल... तुमच्याकडे बॅटरी नाही का?"

मी कठड्यावरून खाली बघितलं. रस्त्यात खड्डा उघडून दोन माणसं केबलपाशी उतरत होती.

आणि आठवलं. सोलर ताब्यात दिलं त्या दिवशी तिने हेच सांगायला सुरुवात केली होती. मी मध्येच तोडलं होतं, "मॅडम, तीस वर्षं वायरी ओढतोय!" सगळे हसले होते. तिचं वाक्य तिथेच राहिलं होतं.

अभ्यासिकेतून ती बॅटरी नि इन्व्हर्टर आम्ही चौघांनी आलटूनपालटून तीन मजले चढवले. जोडताना आयुष्यात पहिल्यांदा प्लस-मायनस दुसऱ्याला बघायला सांगितलं. मशीन सुरू झालं तेव्हा आकडा शहात्तर होता, आणि तात्यांचे ओठ निळे. अॅम्ब्युलन्स वहिनींनी आधीच बोलावली होती, पण ट्रॅफिकमधून वाट काढत ती आली त्यानंतर.

नऊ दिवसांनी तात्या घरी आले. मला बघून म्हणाले, "काय रे, तुझो सूर्य युनियनवालो निघालो... मेन लायनीन संप केल्यान, तसो तो पण बसलो!" स्वतःच हसले, आणि जो खोकला सुरू झाला तो बराच वेळ थांबेना. पूर्वी संध्याकाळी गॅलरीत येऊन बसायचे. आता पलंगावरून उठत नाहीत.

सोलर हवंच, आजही तेच म्हणेन. देशात प्रत्येक गच्चीवर हवं. पण आपली वीज म्हणून छाती फुगवण्याआधी, ती अडल्या वेळी कुणाच्या भरवशावर चालते हे कुणालातरी विचारा... मी विचारलं नाही, कारण मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

बॅटरी आता पलंगाशेजारी आहे. दर रविवारी सकाळी मी स्वतः मेन स्विच पाडतो आणि दहा मिनिटं तात्यांजवळ बसून तो आकडा बघतो. मंगलवहिनी चहा देतात. त्या दुपारबद्दल अजून एका शब्दाने बोलल्या नाहीत... बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅडम, तुम्ही ही पोस्ट वाचत असाल. तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगताना तुम्ही 'तेव्हाच सांगत होते' असं म्हटलं नाहीत. तेवढा वेळही तात्यांकडे नव्हता, हे तुम्हाला कळलं. आभारी आहे.