बगवला नाय

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिनेमाच्या दुपारच्या खेळाचं तिकीट रद्द होतं का, ते मोबाइलवर बघत होते. शुक्रवार होता. आप्पा म्हणजे माझे सासरे. इस्पितळात होते, तरी सकाळीच त्यांनी मला बजावलं होतं, "तू जा. आनि येऊन मना सांग, कसा हाय तो." मी जाणार नव्हतेच, पण त्यांना तसं सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. पुढे भेटायला आलेल्या माणसांना मी हे सांगायचे, तेव्हा काहींना ते आवडायचं नाही. शेवटच्या दिवशी माणसाने देवाचं नाव घ्यावं, सिनेमाचं काय घेता, असं एक लांबच्या आत्याबाई तोंडावर म्हणाल्या. आत्याबाईंना आप्पा कळले नव्हते, एवढंच.

मी नाशिकची. लग्न होऊन नवीन पनवेलला आले तेव्हा आप्पा उरणच्या बंदरातून निवृत्त झाले होते. त्याआधी खाडीकाठी घरचं मिठागर होतं, ते नव्या शहरासाठी भराव टाकून बुजवलं गेलं, हे मला नवऱ्याकडून कळलं. आप्पा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. बोलायचे ते फक्त सिनेमाबद्दल. माझा नवरा महेश स्वतः दिग्दर्शक व्हायच्या खटपटीत असलेला, त्यामुळे तो वडिलांबरोबर सिनेमाला बसायला घाबरायचा. मग शुक्रवारची दुपार माझ्या वाट्याला आली. आधी मी सून म्हणून गेले, पुढे चटक लागली म्हणून.

आप्पांना मारामारीचे सिनेमे नको असत. त्यांना घरातली गोष्ट लागायची, आणि हल्लीच्या दिग्दर्शकांनी नेमकी तीच बिघडवून ठेवलीये असं त्यांचं मत होतं. आकाशातून घेतलेलं गावाचं दृश्य आलं की ते माझ्या कानाशी लागत, "वरून देव बगतो गं. मानसानं खालून बगावा." नटाच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत व्हायोलिन सुरू झालं की खुर्चीत चुळबुळ सुरू. सगळ्यात मोठा राग जेवणाच्या प्रसंगांवर. "ताट वाढला की यांचा भांडन चालू. उठले ताटावरून. आरं, एकाला तरी जेवू द्या पोटभर!" मागच्या रांगेतली माणसं हसायची. मी आधी लाजायचे, मग मीही हसायला लागले. फक्त एका नव्या दिग्दर्शिकेवर त्यांचा फार जीव होता. तिच्या सिनेमात दोन बहिणी घर विकायला निघतात, आणि थोरली काही बोलायच्या आधी अख्खं पापलेट काट्यापर्यंत खाऊन संपवते. "या पोरीला भूक ठावी हाय," आप्पा म्हणाले होते. आणि एखादा सिनेमा अगदीच टाकाऊ निघाला की बाहेर पडता पडता एकच निकाल... "बगवला नाय."

मागच्या वर्षी महेशचा पहिला सिनेमा लागला. खाडीकाठचं कुटुंब, त्यांचं मिठागर आणि त्यात पडणारा भराव. त्यातला म्हातारा म्हणजे आप्पांचे वडील, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले, माझ्या शेजारी बसले. महेश मागे दाराशी उभा. वर्तमानपत्रात काय छापून येतंय याची त्याला फिकीर नव्हती. त्याला एकाच माणसाचं मत हवं होतं. दिवे लागले, टाळ्या झाल्या. महेश पुढे आला आणि त्याने विचारलं, "कसा वाटला, आप्पा?"

"मना बगवला नाय," आप्पा म्हणाले आणि चालू लागले.

बघवत नाही, असं आपण रटाळ सिनेमाला म्हणतो आणि घरातून निघणाऱ्या तिरडीलाही म्हणतो. मला त्या क्षणीच शंका आली होती. पण महेशने जन्मभर हे शब्द एकाच अर्थाने ऐकलेले. तो जाहिरातींची कामं घ्यायला लागला, आणि पुढच्या सिनेमाचा विषय काढला की उठून जायचा. मी आप्पांना छेडलं तर म्हणाले, "का बगवला नाय, ता त्यानं इचारला का मना?" महेशला छेडलं तर, "सांगितलं ना एकदा त्यांनी, पुरे." दोघं एकाच हट्टाचे. बापलेक एका घरात राहत होते, चहा एकत्र पीत होते आणि सिनेमा सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलत होते. ते बघून माझा जीव तुटायचा.

आप्पांना इस्पितळात ठेवलं आणि डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. ते जायच्या दोनेक दिवस आधीची दुपार. महेश मोसंबी सोलत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, महेशचा सिनेमा बघवला नाही म्हणालात, तो वाईट होता म्हणून का?"

आप्पांनी माझ्याकडे, वेड लागलंय का, अशा नजरेनं बघितलं. मग महेशला म्हणाले, "वाईट असता तं पुरा बगला असता. वाईट शिनेमे किती बगलंत मी, इचार हिला. तो भरावाचा डंपर आला... आमचा बाबा तिथं उभा. मी डोले मिटलं. पुढचा मना ठावा नाय." जरा दम खाऊन त्यांनी विचारलं, "शेवटाला काय केलास रं त्याचा?"

महेशच्या हातातली मोसंबी तशीच राहिली. आप्पांना शेवटच पटला नसेल म्हणून एवढे महिने तो स्वतःला खात होता, आणि तो शेवट बापाने पाहिलाच नव्हता. त्याने सांगायला सुरुवात केली. म्हातारा बांधावरून घरी येतो. पाय धुतो. बायको विचारते, वाढू का? तो म्हणतो, वाढ.

"आनि जेवतो?"

"जेवतो. पोटभर जेवतो. तिथेच संपतो सिनेमा."

"गाना?"

"नाही. नुसता भांड्यांचा आवाज."

आप्पा मग म्हणाले, "आमचा बाबा जेवला नव्हता त्या दिशी. बरा केलास. जेवू घातलास त्याला."

महेशने साली गोळा केल्या आणि टाकून येतो म्हणून बाहेर गेला. पुष्कळ वेळ आत आला नाही.

गेल्या शुक्रवारी मी आणि महेश पहिल्यांदा सिनेमाला गेलो. दोन भाऊ, एक बंगला आणि सगळे खिडकीतून बाहेर बघत बसलेले. फारच वाईट. चांगला सिनेमा एकटीने बघता येतो, वाईटाला सोबत लागते, हे मला आप्पा गेल्यावर कळलं. महेश दुसऱ्या दिग्दर्शकाच्या कामाला वाईट म्हणत नाही, 'प्रयत्न' म्हणतो. म्हणून मी गप्प राहिले. रिक्षाच्या रांगेत उभे राहिलो आणि एरवी माझ्यासारखं पुस्तकी मराठी बोलणारा माझा नवरा एकदम म्हणाला, "काय बनवला हाय यो? सगळी खिरकीत! घरात कोनाला काम नाय का?" आणि मग तो थांबेचना. पहिल्या प्रसंगापासून एकेक धरून झोडपत गेला. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू कधी आलं ते समजलं नाही. तेवढ्यात रिक्षा आली. तो गडबडून थांबला आणि म्हणाला, "काय झालं?"

मी रिक्षा मागच्या माणसाला दिली. म्हटलं, "काही नाही. बोल तू. अजून मध्यंतरच आलंय."