अकराव्या वाफ्याला पाणी

लिफ्टवाले काका निवृत्त झाले, पण सकाळी सहाचा ठोका काही त्यांना सोडीना. सहा वाजले की हातात झारी, पायात चपला, आणि स्वारी वाफ्यावर. इमारतींच्या मागच्या पडीक जागेत रहिवाशांनी मिळून तीस वाफे केले होते. करणार काय? ताजी भाजी हवी तर दोन बस बदला, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातले टोमॅटो घ्या. ते काकांपेक्षाही सुरकुतलेले. आपल्यापुरतं घरी न्यायचं, उरलेलं शनिवारी फाटकापाशी टेबलावर ठेवायचं, लागेल त्यानं उचलायचं. आणि हंगामभरात ज्या वाफ्यातून टेबलावर काडीही आली नाही, तो वाफा यादीतल्या पुढच्या माणसाचा.

अकरावा वाफा काकूंचा. काकू कसल्या, तोंडाचा पट्टा! मुळ्यालासुद्धा टोमणे मारून वाढवायच्या. त्या गेल्या तेव्हा काका रडले नाहीत. शेजाऱ्यांनी चार दिवस वाट पाहिली, मग आपापले डबे घेऊन घरी गेले.

त्यानंतर दोन महिने काका रोज पाणी घालत होते. पालक, मुळा, कोथिंबीर, वाटाणा. काकूंच्या अक्षरातल्या चार पाट्या, चार ओळी, ओळीला एक झारी. उगवत मात्र काहीच नव्हतं. काकूंची तऱ्हाच उलटी. आधी पाट्या रोवायच्या, मग आठ दिवसांनी बी. "आधी जागा ठरवावी, मग बिऱ्हाड आणावं," म्हणायच्या. त्या आठ दिवसांतच त्या गेल्या. बागेत सगळ्यांना हे ठाऊक, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

हंगामाचा शेवटचा शुक्रवार आला. बागेचा कारभार शिलाईवाल्या मावशींकडे. त्या गळ्यात टेप तशीच लटकवून आल्या. सोबत यादीतली पुढची, दोन वर्षं ताटकळलेली नर्स. तिच्या पोरांच्या डब्यात रोज बटाटा.

"काका, उद्या काहीतरी ठेवा हो टेबलावर," मावशी म्हणाल्या. "विकतचं ठेवलंत तरी चालेल. मी आंधळी होते उद्यापुरती."

"कशाला उगाच," काका म्हणाले.

नर्सनं धीर केला. "काका, रागावू नका. यात बी पडलेलंच नाही."

"ठाऊक आहे. तिसऱ्या आठवड्यात उकरून पाहिलं होतं."

"अहो, मग पाणी कशाला घालत होतात?"

"सहाला जाग येते. मग करू काय?"

मावशी गळ्यातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळू लागल्या.

"बी तिच्या पर्समध्ये आहे," काका म्हणाले. "उघडली नाही अजून."

"मी उघडू?" नर्सनं विचारलं.

"चल."

स्वयंपाकघरातल्या खिळ्याला पर्स टांगलेली होती. आत एक कंगवा, आलेपाकाच्या दोन वड्या, बसचं तिकीट आणि बियांची चार पाकिटं. काका बघत उभे राहिले. आता आपल्या आत काहीतरी हलेल, असं त्यांना वाटलं होतं. काही हललं नाही.

"वाफा तुझा," ते म्हणाले. "यादीत नाव आहे तुझं."

"आणि बी तुमचं. मग भाजी कोणाची?"

"मला नको. मुळा तर मला मुळीच आवडत नाही. तिलाच लागायचा."

दुपारी नर्सनं तीन ओळी पेरल्या. मुळ्याचं पाकीट काकांनी खिशात घातलं होतं. मावशींनी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. बऱ्याच वेळानं काकांनी पाकीट काढून नर्सच्या हातात दिलं.

"पेर," म्हणाले. "पोरं खातील."